धुराची सभा

सुदामसाठी आजवर टाळ्या एकदाच वाजल्या. त्या आठवल्या की अजूनही त्याच्या कानाच्या पाळ्या तापतात. टाळ्यांचीही माणसाला लाज वाटावी असं काय घडलं होतं, ते सांगायचं तर आधी कोळशाचं सांगावं लागेल.

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत सूत रंगवायची एक कंपनी होती. रंगाच्या टाक्यांना वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, आणि त्या बॉयलरला तेव्हा कोळसा लागायचा. ट्रकमधून उतरणारी ढेकळं माणसाच्या डोक्याएवढी, आणि बॉयलरच्या तोंडाला चालायचा तो मुठीएवढा तुकडा. मधलं काम बायकांचं. किन्हवलीच्या अलीकडे टेपाचा पाडा आहे, तिथून चौदाजणी ठेकेदाराच्या टेम्पोनं सकाळी यायच्या, दिवसभर हातोड्यानं कोळसा फोडायच्या, चाळायच्या आणि घमेल्यांनी बॉयलरपाशी नेऊन टाकायच्या. लांबून बघणाऱ्याला हे नुसतं अंगमेहनतीचं काम वाटायचं, पण तसं ते नव्हतं. कोळशाला शीर असते. शिरेवर घाव बसला तर एका घावात दोन नीट तुकडे पडतात, आडवा बसला तर भुगा होतो, आणि भुगा झाला की ठेकेदार आईबाप काढायचा. ही शीर ओळखायला बाकीच्या तेराजणींना शिकवलं होतं ठकीनं.

ठकी म्हणजे सुदामची मोठी बहीण. नवरा वारल्यावर ती माहेरच्या पाड्यात येऊन राहिली आणि शहाण्णव साली कोळशावर लागली. सुदाम तेव्हा नववी नापास होऊन पाड्यात हिंडत होता. "माझा भाऊ शिकलेला हाये, त्याला पण घ्या," असा सुपरवायझरच्या मागे तिनंच लकडा लावला. सुदाम फावड्यानं कोळसा टाकायच्या कामावर लागला. पुढे बॉयलरची परीक्षा द्यायचं त्यानं मनात घेतलं, तेव्हा शेतातली त्याच्या वाटणीची लावणी आणि तण काढायची बेणणी ठकीनं कंपनीतून आल्यावर ओढली. सर्टिफिकेट मिळालं. तीन पाळ्यांच्या तीन फायरमनपैकी सुदाम एक झाला, पण नऊ वर्षं उलटली तरी तो ठेकेदाराचाच माणूस राहिला. कंपनीनं आपल्याला परमनंट करावं, छातीवर नावाचा बिल्ला यावा, एवढीच त्याची हाव होती. आता एवढ्या हावेला कोण काय म्हणणार? मीही म्हणणार नाही. गडी वाईट नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे ते सांगायला मला जागा मिळेल असं वाटत नाही.

दोन हजार पाच सालच्या डिसेंबरात कमळाकर साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. कामगारांचं सगळं हेच बघायचे, कल्याणहून यायचे. कधी आवाज चढवायचे नाहीत. बसायला खुर्ची द्यायचे, आणि साहेबानं खुर्ची दिली की काहीतरी मागणार हे सगळ्या कंपनीला ठाऊक होतं.

"सुदाम, परदेशात आता धुराचे कायदे झालेत," साहेब म्हणाले. "तिथल्या कारखान्यांनी ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त धूर काढायचा नाही. काढला तर दंड. पण एक पळवाट ठेवलीय. आपल्यासारख्या कुणी इथे धूर कमी केला, तर तो कमी केलेला धूर ते आपल्याकडून विकत घेतात. कागदावर."

"धूर इकत घेतात?" सुदामनं विचारलं.

"न काढलेला धूर."

सुदामनं मान डोलावली. न केलेल्या कामाचे पैसे घेणारी माणसं त्यानं पंचायतीत पाहिली होती, त्यामुळे ही गोष्ट त्याला फारशी अवघड गेली नाही.

साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला. कोळसा बंद होणार होता. त्याच्या जागी पांढरा कोळसा, म्हणजे भाताचं तूस आणि लाकडाचा भुसा दाबून केलेल्या कांड्या. कांड्या थेट शेडमध्ये उतरणार, पट्ट्यावरून आपोआप बॉयलरच्या तोंडाशी जाणार. नकाशात पट्टा लाल रंगानं काढला होता. सुदामनं त्या लाल रेघेवर बोट ठेवलं आणि ते तिथून हलवेचना. कोळशाचा ढीग होता ती जागा नकाशात नव्हतीच. फोडायला काही नाही, चाळायला काही नाही, वाहायला पट्टा आहे. चौदाजणींचं त्यात काय उरलं होतं, ते कळायला नववी पास असायची गरज नव्हती.

"फायरमन तिघांऐवजी एकच परमनंट लागेल, बाकीच्या पाळ्यांना हेल्पर ठेवू," साहेब हळूच म्हणाले. "मी तुझं नाव लावलंय. फक्त एक काम आहे. नियमाप्रमाणे गावकऱ्यांची सभा घ्यावी लागते. त्यांचं काही म्हणणं आहे का, कुणाचा रोजगार जाणार आहे का, ते विचारावं लागतं आणि त्याचा अहवाल बाहेर जातो. गावातलं कुणीतरी उठून बोललं पाहिजे. तुझ्या पाड्यात तुझा शब्द चालतो."

सुदाम म्हणाला, "बरं."

एवढंच म्हणाला. पुढे वर्षभर तो हा शब्द मनातल्या मनात परत घेत होता.

आता टेपाच्या पाड्याची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल. परक्यापुढे आपल्या माणसाचा शब्द तिथे कुणी पाडत नाही. एका वर्षी राबासाठी, म्हणजे भाताचं बी पेरायच्या आधी वाफ्यावर जाळायला, ऐनाच्या झाडांचे टहाळ जरा जास्तच उतरले. जंगलखात्याचा गार्ड आला. म्हातारा महादू पुढे होऊन म्हणाला, "वाऱ्यानं पडले." त्या आठवड्यात झाडाचं पानसुद्धा हललं नव्हतं. गार्डनं घरोघर विचारलं आणि सगळा पाडा एका तोंडानं म्हणाला, वारा. एका आजीनं तर वारा किती मोठा होता ते हात पसरून दाखवलं. गार्ड खिंडीपलीकडे गेला आणि मग त्याच बायकांनी महादूला असा फैलावर घेतला की तो चार दिवस घराबाहेर पडला नाही. घरात काय ते बोलायचं, पण बाहेरच्यासमोर आपल्या माणसाला खाली बघायला लावायचं नाही. लिहून ठेवलेले कायदे त्या पाड्यानं फारसे मानले नसतील, हा मात्र कुणी मोडला नाही.

सभा कंपनीच्या कँटीनमध्ये झाली. भिंतीवर हिरवा फलक, टेबलावर समोसे, आणि बायकांना बसायला खुर्च्या. नऊ वर्षांत त्या कँटीनच्या खुर्चीवर त्या कधी बसल्या नव्हत्या. धुतलेली लुगडी नेसून, पदर सावरून, खुर्चीच्या अर्ध्या भागावर बसल्या. पुण्याहून आलेल्या माणसानं भिंतीवर चित्रं दाखवली. तापलेली पृथ्वी, वितळणारा बर्फ, एक पांढरं अस्वल. अस्वल बघून भिमी खुदकन हसली. ती त्या चौदाजणींत सगळ्यात लहान, लग्नाला दोन वर्षं झालेली. ठकीनं तिला कोपरखळी मारली.

मग तो माणूस म्हणाला, "या प्रकल्पामुळे कुणाच्या रोजगारावर परिणाम होईल असं वाटतं का?"

कमळाकर साहेबांनी सुदामकडे बघितलं. सुदाम उठला.

"आमच्या पाड्यातल्या एका पण बाईचं काम जाणार नाय," तो म्हणाला. आवाज त्याच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "धूर कमी होईल, पोराबाळांचा खोकला जाईल. कंपनी आमचीच हाये. आमचा सगळ्यांचा पाठिंबा हाये."

हे म्हणताना तो कुठे बघत होता? समोशांकडे. नंतर नजर चुकून ठकीवर गेली. ती त्याच्याकडेच बघत होती. रागानं नव्हे. महादूचा वारा ऐकताना बघत होती तशीच.

"अजून कुणाला काही बोलायचंय?" पुण्याच्या माणसानं विचारलं. चौदाजणी गप्प. त्यानं पुन्हा विचारलं. मग साहेबांनी टाळ्या सुरू केल्या, ऑफिसातल्या लोकांनी उचलल्या, आणि शेवटी बायकांनीही हात जोडल्यासारखे करून वाजवल्या. कागदावर चौदा अंगठे उठले. त्या बायकांच्या बोटांना शाई लावायची गरज नव्हती असं कुणीतरी ऑफिसातलं पोरगं म्हणालं आणि चारदोन जण हसले. सुदामही हसला. त्या हसण्याचीही त्याला नंतर लाज वाटली, पण लाजांची रांग लागली होती, तिचा नंबर बराच मागे होता.

पाड्यात परतल्यावर तो दोन दिवस वाट बघत राहिला. आता ठकी येईल, बाया येतील, महादूला सोललं तसं आपल्याला सोलतील. कुणी आलं नाही. तेव्हा त्यानं स्वतःची समजूत घातली, की त्यांना काही कळलंच नाही. कसं कळणार? अस्वलं आणि बर्फ. अडाणी बायका. असं म्हटलं की त्याला जरा बरं वाटायचं. ज्या बहिणीनं त्याला कोळशाची शीर दाखवली तिला अडाणी म्हणून तो झोपायला लागला, एवढा तो खाली आला होता.

एप्रिलमध्ये नवा बॉयलर बसला. एका शनिवारी ठेकेदारानं गेटवर सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. सुदाम वर प्लॅटफॉर्मवर होता. चौदाजणी आपापले हातोडे घेऊन निघाल्या, हातोडे त्यांचे घरचेच होते. कुणी आरडाओरडा केला नाही. ठकीनं फक्त एकदा वर बघितलं. सुदामनं मीटरच्या काट्याकडे बघायला सुरुवात केली. काटा जागच्या जागी होता, तरी तो बराच वेळ बघत राहिला.

महिन्याभरात त्याची ऑर्डर निघाली. परमनंट. निळा शर्ट आला, खिशावर नाव आलं. नवा बॉयलर इतका स्वच्छ होता की संध्याकाळी हात धुतले तर पाणी काळं व्हायचं नाही. बायको कौतुकानं शर्टाला इस्त्री करून द्यायची. सुदाम पाड्यातून निघताना त्यावर जुना सदरा चढवायचा आणि कंपनीच्या गेटपाशी काढायचा. बायकोनं विचारलं तर म्हणायचा, धूळ लागते.

आणि बाया? सहाजणी नवऱ्यांबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर गेल्या. भट्टीचा धूर कुणी विकत घेत नव्हतं, त्यामुळे तो कमी करायची कुणाला घाई नव्हती. ज्या राहिल्या त्या रानातून लाकडाच्या मोळ्या आणून किन्हवलीच्या बाजारात विकायला लागल्या. म्हणजे कोळशाऐवजी झाडं जळू लागली. हे पुण्याच्या माणसाच्या चित्रांत कुठे बसत होतं, ते त्यालाच ठाऊक. चुलीला म्हणून भातगिरणीवरचं तूस पूर्वी फुकट मिळायचं, कुणीही पोतं भरून न्यावं. ते आता कांड्यांसाठी वजनावर जायला लागलं. गिरणीवाल्यानं ठकीला पोतं खाली ठेवायला लावलं, तेव्हा सुदाम तिथेच दळण घेऊन उभा होता. मागच्या दारानं निघून गेला.

तो बहिणीला टाळायला लागला. सायकल वरच्या वाटेनं न नेता ओढ्याच्या बाजूनं न्यायला लागला. भाऊबिजेला मात्र जावंच लागलं. मुरबाडच्या दुकानातली चांगल्यातली चांगली साडी त्यानं नेली. ठकीनं ओवाळलं, तोंडात गोड घातलं, साडीवरून हात फिरवला. "येवढी भारी कशाला आणलीस रे?" ती म्हणाली. त्यात टोमणा असता तर सुदामला झेलता आला असता. टोमणा नव्हता. तिनं साडी ट्रंकेत ठेवली आणि त्याला आग्रहानं जेवायला बसवलं. त्यानं भात चिवडला आणि ताट तसंच सरकवलं.

जानेवारीत कमळाकर साहेबांनी पुन्हा खुर्ची दिली.

या वेळी साहेब घाबरलेले दिसत होते. बाहेरच्या संस्थेकडून तपासणीला एक बाई येणार होत्या. कंपनीनं कागदावर लिहिलेलं खरं आहे की नाही हे बघणं त्यांचं काम. "त्या पाड्यात जाणार म्हणतात. अंगठ्यांची यादी घेऊन. एकीनं जरी काम गेलं म्हणून सांगितलं ना, तर सगळं अडकेल," साहेब म्हणाले. "मग आधी त्या बायकांची सोय करा म्हणतील. वरचे लोक तयार आहेत, पॅकिंगला बारा-चौदा जागा भरायच्याच आहेत. पण मग सभेत खोटं कोण बोललं ते निघेल. तुझं नाव आहे अहवालात. मी काही तुला वाचवू शकणार नाही."

म्हणजे गोष्ट अगदी सरळ झाली. खरं बाहेर आलं तर चौदाजणींना काम, आणि सुदामचा निळा शर्ट गेला. सुदाम घरी येताना ओढ्याच्या काठी सायकल टेकवून बसला. आणि तिथे त्याला एकदम हलकं वाटलं. आपल्याला काही करायचंच नाही. ठकीला विचारतील, ठकी सांगेल. का नाही सांगणार? तिचं काम गेलंय, तिच्या चुलीचं तूस गेलंय. ती सांगेल आणि आपण फक्त उभे राहायचं. नोकरी गेली तर गेली. मनापासून त्याला तसं वाटलं, हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवायला हवं. फक्त बोलायचं काम त्यानं ज्या बहिणीचं नुकसान केलं होतं तिच्यावरच ढकललं होतं, आणि ते त्याच्या लक्षात आलं नाही.

तपासणीच्या बाई मद्रासकडच्या होत्या, चाळिशीच्या, पायात बूट, हिंदी मोडकंतोडकं पण नीट विचारणाऱ्या. पाड्याखाली रस्त्यावर जीप थांबली तेव्हा त्यांनी कमळाकर साहेबांना तिथेच बसवलं. कंपनीचा साहेब समोर असला की लोक बोलत नाहीत, असं त्या म्हणाल्या. समजावून सांगायला गावचाच कुणी हवा. "हा चालेल," असं म्हणून त्यांनी सुदामला बरोबर घेतलं. अशी ती नेकीनं काम करणारी बाई. त्या दिवशी सुदामला निळा शर्ट वरच्या सदऱ्याशिवाय घालावा लागला होता.

ठकीच्या अंगणात बाया जमल्या. भट्टीवर गेलेल्या सहा सोडून आठजणी. भिमी मूल कडेवर घेऊन उभी होती, बाकीच्या गेल्या तेव्हा पोटुशी असल्यानं ती भट्टीवर गेली नव्हती आणि आता मूल सहा महिन्यांचं झालं होतं. बाईंनी कागद उघडला, पहिलं नाव ठकीचंच होतं.

"कोळसा बंद झाल्यावर तुमचं काम गेलं का?" बाईंनी हिंदीत विचारलं.

सुदामनं ते आपल्या बोलीत सांगितलं. एक अक्षर इकडचं तिकडं केलं नाही. सांगताना त्यानं मनात म्हटलं, बोल बाय. बोल एकदाची.

ठकीनं बाईंकडे बघितलं. मग सुदामकडे बघितलं, चांगला वेळ. शर्टाकडे, खिशावरच्या नावाकडे. बाकीच्या सातजणीही सुदामकडेच बघत होत्या. भिमीच्या कडेवरचं पोर कुरकुरलं, तिनं त्याला थोपटलं. सुदामला वाटलं ठकी शब्द जुळवतेय.

"नाय," ठकी म्हणाली. "आमचं आमीच सोडलं. रानातली, शेतातली कामं असतात आमाला."

"सगळ्यांनी आपणहून सोडलं?"

ठकीनं मागे बघितलं. सातजणींनी माना डोलावल्या. एकसारख्या.

बाईंनी सुदामला विचारलं, "क्या बोला?" सुदामनं ठकीचं वाक्य जसंच्या तसं हिंदीत करून दिलं. बाईंनी लिहून घेतलं, पुन्हा एकदा वेगळ्या तऱ्हेनं विचारून बघितलं, तेच उत्तर आलं. मग त्यांनी हात जोडले आणि उताराची पायवाट धरली.

सुदाम अंगणातच खिळला.

"बाय, खोटं कशाला सांगितलंस?" तो म्हणाला. त्याचा आवाज चिडका निघाला. फसवल्या गेलेल्या माणसासारखा.

ठकी ओटीवर बसली. "तू व्हतास ना समोर. तुझ्या तोंडावर तुला खोटा पाडू? त्या बाईपुढं?"

"मग सभेनंतर तरी बोलाचं व्हतं! महादूबाला केवढ्या शिव्या घातल्या व्हत्या तुमी. मला एक शब्द बोलला नाय. मला वाटलं तुमाला कळलंच नाय."

हे ऐकून भिमी हसली. सभेतल्या अस्वलाला हसली होती तशी नव्हे.

"पट्टा बसणार हे आमाला तुझ्या आधी ठाऊक व्हतं," ठकी म्हणाली. "फिटर मापं घेऊन गेले ते आमच्याच ढिगावर उभे राहून. महादूबाला शिव्या घातल्या, कारन तो सगळ्यांसाठी खोटं बोलला व्हता. त्याला शिव्या देता येतात. तू तुझ्यापुरता बोललास. तुला काय बोलाचं? म्हटलं, येईल. आज येईल, उद्या येईल, येऊन बसेल आन् म्हनेल, बाय, माझं चुकलं. वरीस झालं रे. तू साडी घेऊन आलास."

सुदामनं खाली बघितलं. पायाखाली शेणानं सारवलेलं अंगण होतं, त्यात त्याच्या बुटाचे ठसे उमटले होते.

"आत्ता पन आमी तुझीच वाट बघत व्हतो," ठकी म्हणाली. "तू बोलला असतास तर आमी सगळ्या बोललो असतो. आमाला तुझा शब्द पाडायचा नाय. तुझा तू पाड."

कुणीतरी म्हणालं, "गाडी हाये अजून."

खरंच होती. जीप रस्त्यावर उभी होती, बाई पायवाट उतरून पोचतच होत्या. सुदाम धावला. निवडुंगाच्या कुंपणानं बाही फाटली, पण थांबला नाही. आणि धावताना त्याला वाक्य पाठ होतं. मॅडम, मी सभेत खोटं बोललो. पाच शब्द. तेवढेच सांगायचे होते, बाकीचं त्या विचारतील.

तो पोचला तेव्हा बाई मागच्या सीटवर बसल्या होत्या. त्यानं दारावर हात ठेवला. काच खाली झाली.

"बोलो?" बाईंनी विचारलं. पेन त्यांच्या हातातच होतं.

पुढच्या सीटवरून कमळाकर साहेबांनी मान वळवली. त्यांची नजर सुदामच्या खिशावर होती.

सुदामनं तोंड उघडलं. नंतर त्यानं हात लांब करून रस्त्याकडे दाखवलं आणि म्हणाला, "मॅडम, आगे रस्ता खुदा है. सरळगाव से जाओ."

बाईंनी मान हलवली, त्याचे आभार मानले आणि ड्रायव्हरला तसं सांगितलं. काच वर गेली. जीप वळून निघून गेली. सुदाम धूळ खाली बसेपर्यंत तिथेच थांबला, आणि मग दुसरीकडे जायला वाट नव्हती म्हणून वर चढायला लागला.

आठजणी अंगणाच्या कडेला येऊन उभ्या होत्या. त्यांनी वरून सगळं बघितलं होतं. ऐकू काही आलं नव्हतं. दारावर ठेवलेला हात बघितला होता, काच उतरलेली बघितली होती, तो हात करून काहीतरी सांगत होता आणि बाई मान हलवत होत्या, ते बघितलं होतं. सुदाम जवळ आला तसं त्याला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, की त्यांना काय वाटलंय.

"सांगितलंस?" ठकीनं विचारलं.

तिचे डोळे भरले होते. नवरा वारला तेव्हाही त्यानं तिला असं बघितलं नव्हतं. सुदामची मान हलली. ती खाली-वर हलली.

"माझा भाऊ," ठकी त्या बायांकडे वळून म्हणाली, आणि तिनं पदरानं डोळे पुसले.

मग एकदम सगळ्या बोलायला लागल्या. पॅकिंगला जागा आहेत, हे गेटवरच्या वॉचमननं केव्हाच सांगितलं होतं. पॅकिंगात उभ्यानं काम असतं म्हणतात, पोरं न्यायला देतील का, असं काहीबाही. भिमी म्हणाली, नवऱ्याला आजच भिवंडीला पाठवते. भट्टीवरच्या सहाजणींना निरोप देऊ, म्हणावं सोडा भट्टी आणि या निघून, मागे कुणी राहायला नको. मूल दुसरीच्या हातात देऊन ती नवऱ्याला हाक मारत निघालीसुद्धा.

सुदामला तिला थांबवायचं होतं. ठकीनं त्याचा दंड धरून त्याला ओटीवर बसवलं. फाटलेली बाही बघून चुकचुकली. आत जाऊन तिनं नाचणीची भाकरी आणि वालाची आमटी आणली, पाण्याचा तांब्या ठेवला आणि समोर बसली, तो जेवतो का ते बघायला.

"जेव," ती म्हणाली. "भाऊबिजेला काय पन खाल्लं नव्हतंस."

भिमी ओढ्यापर्यंत पोचली होती. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती.

सुदामनं भाकरी मोडली. तो जेवला, आणि ठकीनं दुसरी भाकरी वाढली तीही त्यानं घेतली.